देवणीच्या पोटातलं गाव

गाव कुठलं विचारलं आणि मी "देवणी" म्हटलं की पुण्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार विचारतो, "हे कुठं आलं?" मग लातूर, उदगीर, कर्नाटकची सीमा असं करत करत त्याला घरापर्यंत आणावं लागतं. दुसरा प्रकार एकदम खुलतो. "देवणी म्हणजे ती गाईची का?" हो बुवा, तीच. आमच्या तालुक्याचं नाव एका गाईला मिळालं आणि गाईमुळं आमचं नाव चार लोकांना ठाऊक झालं. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिचे तीन प्रकार. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, वानरासारख्या. बालंक्या पांढरीशुभ्र. शेवरा पांढऱ्यावर काळे ठिपके. बैल कामाला दणकट, गाय दुधाला बरी. "बरी" म्हणतोय, कारण एका वेताला सरासरी हजार लिटरच्या आतच देते. होल्स्टिनच्या संकराशी तुलना करायला गेलात तर निराश व्हाल.

हा दुसऱ्या प्रकारचा माणूस पुढं हमखास एका विषयावर येतो. रक्त. "शुद्ध देवणी रक्त राहिलंच कुठं आता?", "ए-टू दूध", "देशी वंश वाचवला पाहिजे" वगैरे. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं. त्या निर्णयात मराठवाड्याची म्हणून देवणी आणि लालकंधारी यांची नावं आहेत. आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी हारतुऱ्यांचा पाऊस पडला. छान वाटलं, नाही म्हणत नाही.

पण मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. ती सांगायला एक वीकेंड खर्च करतोय.

आपण गाय म्हणजे *एक* प्राणी समजतो. एक शरीर, एक रक्त, एक वंशावळ. आता साधा प्रश्न. आमच्याकडची गाय उन्हाळ्यात काय खाते? ज्वारीचा कडबा. वाळलेला, पिवळा, चावला तर आपल्या हिरड्या सोलतील असा. हा कडबा कोण पचवतं? गाय? नाही! गाईच्या स्वतःच्या जनुकांमध्ये सेल्युलोज तोडणारं एन्झाइम बनवायची सोयच नाही. त्या बाबतीत ती आणि मी सारखेच. तिला आणि मला, दोघांनाही कडबा घालून बघा (मला नको). फरक एवढाच की तिच्या पोटात हे काम करणारं एक अख्खं गाव वस्तीला आहे आणि माझ्या पोटात तेवढं नाही.

आता थोडं विषयांतर. आमच्या देवणीपासून समुद्र लांब आहे, पण गाईच्या पोटाचा विचार माझ्या डोक्यात आला तो समुद्रामुळं. मागे एकदा स्पंजबद्दल वाचत बसलो होतो. भांडी घासायचा नाही, समुद्रातला खरा जिवंत स्पंज. खडकाला चिकटून बसलेला प्राणी. याला पोट नाही, मेंदू नाही, हृदय नाही. दिवसभर अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत ओढायचं, गाळायचं आणि बाहेर सोडायचं, एवढाच उद्योग. आणि काही जातींच्या स्पंजमध्ये त्या प्राण्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग म्हणजे निव्वळ सूक्ष्मजीव! प्राणी आहे की चाळ, असा प्रश्न पडावा. गंमत म्हणजे स्पंज पाण्यातले जिवाणू गाळून खातो, आणि त्याच वेळी दुसऱ्या जिवाणूंना अंगात सांभाळतो. कुणाला गिळायचं आणि कुणाला ठेवायचं हे त्या बिनडोक (शब्दशः) प्राण्याला कळतं.

स्पंजचं नाव औषधांच्या दुनियेत फार मोठं आहे. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमान या रसायनशास्त्रज्ञाला एका कॅरिबियन स्पंजमध्ये काही विचित्र रेणू सापडले. त्यांच्या धर्तीवर पुढं सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार झालं. १९६९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली आणि ते आजही वापरलं जातं. तेव्हापासून लोक स्पंजच्या मागं लागले. थिओनेला स्विनहोई नावाचा एक जपानी समुद्रातला स्पंज तर जालीम रसायनांचं दुकानच होता. वर्षानुवर्षं शोधनिबंध निघाले, स्पंज हे बनवतो, स्पंज ते बनवतो. मग २०१४ साली 'नेचर'मध्ये एक काम छापून आलं. या स्पंजमधली जवळपास सगळी नावाजलेली रसायनं स्पंज बनवतच नव्हता. त्याच्या आत राहणारा एन्टोथिओनेला नावाचा जिवाणू ती बनवत होता. कोड लिहिला एकानं आणि रिलीज नोटवर नाव दुसऱ्याचं. आयटीवाल्यांना हे काही नवीन नाही.

ते वाचलं आणि डोक्यात आलं ते थेट आमच्या गोठ्यातलं. आमची गायही तीच. श्रेय तिचं, रात्रपाळी दुसऱ्यांची.

तर त्या गावाची ओळख करून देतो. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला सगळ्यात मोठा, त्याला जनावरांचे डॉक्टर मराठीत कोठीपोट म्हणतात. मोठ्या गाईचं कोठीपोट शंभर लिटरच्या वर जातं. आत ३९ अंशांची ऊब, ऑक्सिजन जवळजवळ नाही, सतत घुसळण आणि वरून लाळेचा ओघ. दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गाळते एक मोठी गाय, आणि ती लाळ सोड्यासारखी अल्कधर्मी. आंबवायची टाकी बनवायची असेल तर इंजिनिअरनं याहून वेगळं काय डिझाइन केलं असतं? आतल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात जाते. शिवाय लाखभर आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ. शिवाय मिथेन बनवणारे आर्किया. शिवाय बुरशी.

बुरशीचं प्रकरण मजेदार आहे. ऑक्सिजनशिवाय बुरशी जगत नाही असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. कोठीपोटात शेपटी हलवत पोहणारे काही बारके जीव दिसायचे, त्यांना लोक आदिजीव समजायचे. १९७५ साली कॉलिन ऑर्पिन या इंग्रज संशोधकानं दाखवलं की ही तर बुरशीची पिल्लं, म्हणजे पोहणारे बीजाणू! ते कडब्याच्या तुकड्यावर जाऊन बसतात आणि तंतू आत घुसवून त्याला उकलतात. पुस्तकात नाही म्हणून प्रत्यक्षात नाही, असं समजणाऱ्यांसाठी हा नमुना जपून ठेवावा.

मग कामाची वाटणी. बुरशी आणि काही जिवाणू कडब्याचे धागे मोकळे करतात. दुसरे त्यातली साखर आंबवतात. त्यातून व्हिनेगरसारखी आम्लं तयार होतात, ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात. गाईला मिळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के भाग हा. म्हणजे गाय कडब्यावर जगत नाही, कडबा खाणाऱ्यांनी टाकलेल्या आम्लांवर जगते. आंबवताना हायड्रोजन साठत जातो. तो साठला तर सगळ्यांचंच काम थांबेल, म्हणून आर्किया तो घेऊन मिथेन बनवतात आणि गाय ढेकर देऊन तो बाहेर सोडते. (हो, मुख्यतः ढेकरच. तो दुसरा विनोद आता बंद करा.) आणि शेवटी हेच सूक्ष्मजीव पुढच्या कप्प्यांत वाहत जातात. चौथ्या कप्प्यात गाय त्यांनाच पचवते. जिवाणूंची भिंत फोडायला तिथं खास लायसोझाइम असतं. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त या मार्गानं येतात. स्पंजसारखंच. पाळतेही आणि खातेही. आपण शाकाहारी शाकाहारी म्हणून जिचा दाखला देतो ती रोज किलोच्या हिशेबात सूक्ष्मजीव फस्त करते, हे आमच्या ग्रुपवर टाकायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

हे गाव किती नाजूक आहे ते खेड्यात सगळ्यांना माहीत असतं, फक्त या शब्दांत नाही. लग्नाचं उरलेलं अन्न, भात, पोळ्या, बुंदी असं सगळं जनावरापुढं ओतलं की दुसऱ्या दिवशी जनावर आडवं. का? पिठाळ आणि गोड पदार्थ भराभर आंबणारी मंडळी एकदम फोफावतात, लॅक्टिक आम्ल साठतं, आणि कडबा पचवणारे त्या आम्लात मरतात. एक सर्व्हिस कोसळली की तिच्यामागं बाकीच्या कशा कोसळतात हे ज्यांनी रात्री दोन वाजता अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी डॉक्टर कधीकधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस काढून आजारी जनावराला पाजतात. औषध म्हणून गावच पाजायचं!

आता माझ्या मुद्द्याकडं येतो. त्यासाठी सुबाभळीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मला तिच्याइतकी पटणारी दुसरी गोष्ट सापडली नाही.

सुबाभूळ आपल्याकडं पसरवण्यात मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेचा मोठा हात. झटपट वाढणारं झाड, पाल्यात भरपूर प्रथिनं. भानगड एकच. पाल्यात मायमोसिन नावाचं विष असतं. जास्त खाल्लं की जनावराचे केस गळतात, वजन घटतं, गलगंड होतो. म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको असं सांगतात. ऑस्ट्रेलियात तर गुरांना याचा फारच त्रास होता. तिथल्या रेमंड जोन्स या संशोधकाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला भरपूर खातात आणि त्यांना काही होत नाही. तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? "हवाईच्या शेळीचं रक्तच काटक." जोन्सनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईहून शेळ्यांच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव आणून ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले. त्या जनावरांनाही पाला पचायला लागला! ना संकर, ना नवीन वळू. ज्या जिवाणूचं हे काम होतं त्याला १९९२ साली सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं. जोन्सवरून.

काटकपणा रक्तात नव्हता. भाडेकरूत होता.

लगेच कुणी म्हणेल, मग जातीला काही अर्थच नाही का? आहे. आणि याचाही पुरावा आहे. विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग छापला. गाईंच्या जोड्या घेतल्या आणि एकीच्या कोठीपोटातला जवळजवळ सगळा माल काढून दुसरीच्या पोटात घातला, दुसरीचा पहिलीच्या. आतली आम्लता वगैरे दिवसभरातच पूर्ववत. आणि पुढच्या काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांची वस्तीही बऱ्याच अंशी ज्या त्या गाईच्या मूळ वस्तीसारखी होत गेली. म्हणजे घरमालकही आपल्याला हवे तसे भाडेकरू निवडून घेतो. देवणीच्या अंगातही तशी काही निवड असणारच. शेकडो वर्षं आमच्या आजा-पणजांनी कडब्यावर टिकणारी जनावरं राखली आणि न टिकणारी बाजारात नेली, ती काय फक्त शिंगं बघून?

तर माझं म्हणणं असं. देवणी म्हणजे फक्त जनुकं नाहीत. जनुकं, पोटातलं गाव आणि त्या गावाला रोज लागणारा रतीब, असं तिघांचं मिळून एक जनावर होतं. आपण वाचवतोय तिघांपैकी एकच. वळूच्या विर्याच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतोय. चांगलंच आहे, ठेवल्याच पाहिजेत. पण कोठीपोट काही त्या कांडीत येत नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याचं कोठीपोट नावापुरतंच असतं. आईनं चाटताना, एकमेकांच्या लाळेतून, गोठ्यातल्या शेणामातीतून वस्ती बसत जाते. आदिजीव तर दुसऱ्या जनावराचा सहवास असल्याशिवाय येतच नाहीत. वेगळी वाढवलेली वासरं त्यांच्याविना राहतात. आणि बसलेली वस्ती टिकते ती चाऱ्यावर. तो चारा म्हणजे ज्वारी.

आणि ज्वारी कुठं आहे?

देवणीला जाताना पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून बघा. सोयाबीन, सोयाबीन, मध्ये तुरीचे तास, पुन्हा सोयाबीन. लातूरचा बाजार आता सोयाबीनसाठी ओळखला जातो. शेतकऱ्याला यात दोष देण्याचा प्रश्नच नाही, कुठल्या तोंडानं देणार? साडेतीन महिन्यांत पैसा हातात, काढणी-मळणी यंत्रानं. ज्वारीला काढायला माणूस मिळत नाही, कणसं खुडायला नाही, पेंढ्या बांधायला नाही. पण सोयाबीनचा दाणा गेला की मागं उरतं ते भुसकट. जनावरं ते खातात, पण कडब्याची जागा काही त्यानं भरून निघत नाही. मग चारा विकत. आमचे अण्णा फोनवर पावसाच्या आधी कडब्याचा भाव सांगतात, यावरून ओळखा. पूर्वी घरासमोर कडब्याची गंज असणं म्हणजे ऐपत होती. सोयरीक जुळवायला आलेला माणूस आधी गंजीकडं बघायचा.

दुष्काळात तर हे फारच उघडं पडतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते देशभर गाजलं. पाण्याच्या रेल्वेचा फोटो निघतो, चाऱ्याचा कोण काढणार? त्या काळात मराठवाड्यातल्या छावण्यांत जनावरांपुढं ऊस आणि उसाचं वाढं पडायचं. जगवायला दुसरं होतं काय, त्यामुळं ज्यांनी छावण्या चालवल्या त्यांना नमस्कारच. पण चारा बदलला की कोठीपोटाला जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, हे कुठलाही पशुवैद्य सांगेल. नुसत्या वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम पळवतं, हेही सांगेल. छावणीच्या दारात आलेल्या गाईला मात्र दोन-तीन तासही मिळत नाहीत.

माझ्या पर्यावरणवादी मित्रांचा एक आक्षेप आधीच मांडून टाकतो. कडबा खाणारी, कमी दूध देणारी गाय लिटरमागं जास्त मिथेन सोडते. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस-एक पट तापवतो. दोन्ही खरं आहे. पण हिशेबात हेही धरा की कडबा माणूस खात नाही. सरकी पेंड, मका, भरडा यांची जमीन वेगळी लागते आणि पाणी वेगळं लागतं. जिथं पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं तिथं हा मुद्दा छोटा नाही. मी काही दर घरात चार देवण्या बांधा म्हणत नाहीये. जिथं आहेत तिथं त्यांच्या पोटाचा विचार करा, एवढंच.

आणि सरकारला काही सुचवायचं झालं तर मी एकच सुचवेन. गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज ५० रुपये अनुदान द्यायचा निर्णयही त्याच सप्टेंबर २०२४ मधला. तसंच जो शेतकरी ज्वारी पेरतो, कडबा राखतो आणि स्वतःच्या दारात देवणी बांधतो त्याच्या त्या एकराला काहीतरी द्या. गाय गोशाळेत गेल्यावर तिला पोसण्यापेक्षा ती गोशाळेत जाऊच नये यावर खर्च केलेला परवडेल, असं माझं आपलं मत. जनावरांच्या प्रदर्शनात वळूची उंची, वशिंड, रंग यांना गुण मिळतात. एक रकाना "हे जनावर वर्षभर काय खातं?" याचाही ठेवायला काय हरकत आहे?

राहता राहिलो आपण, महागडं देशी तूप ऑनलाइन मागवणारे. ए-टू आहे का हे विचारतो, बिलोण्याचं आहे का विचारतो. गाय काय खाते हे विचारलंय कुणी? आणि भाकरी? आठवड्यातून तीनदा भाकरी खाल्ली तर ज्वारीला गिऱ्हाईक मिळतं. गिऱ्हाईक मिळालं तर कुणीतरी पेरतं, आणि पेरलं तर कडबा आपोआप येतो. हिंजवडीतल्या कँटीनमध्ये भाकरी मागून बघा, वाढणारे काका गोंधळतात, पण दुसऱ्या आठवड्यात आणतात. करून पाहिलंय.

यंदा रब्बीला दीड एकर ज्वारी टाकायची असं आमच्या घरी बोलणं चाललंय. अण्णा तयार आहेत, दादा नाही. त्याचं म्हणणं असं की पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा पाखरं वाटून खायची. आता एकट्या आपल्याच रानात टाकली तर अख्ख्या शिवाराची पाखरं आपल्यावर येणार, आणि राखायला बसणार कोण? मी म्हणालो, शनिवार-रविवार मी येतो. दादा म्हणाला, "पाखरांना सुट्टी असती का सोमवारची?"

तिथंच अडलंय सध्या.